मुलाचं रक्त कोण तपासणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर लेख आला, याचा आधी आनंदच झाला. मग त्यात 'वाहक मुलीशी सोयरीक करताना वरपक्षाने सावध राहावे' हे वाक्य वाचलं आणि चहा तसाच राहिला. वाहक म्हणजे दोष अंगात असलेली, पण स्वतः आजारी नसलेली. त्याखाली 'दूषित रक्त' असाही शब्द आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात २७ वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. सिकलसेलची पहिली तपासणी म्हणजे विद्राव्यता चाचणी. बोटाचं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात सोडायचं, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे छापील ओळी धरायच्या. ओळी वाचता आल्या तर ठीक. नळी गढूळ होऊन ओळी दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. रेघांचा कार्ड हाताशी नसला की मी आपलाच पेपर धरत असे. म्हणून म्हटलं, आपल्यालाच लिहावं.

गढूळ नळी एवढंच सांगते, की रक्तात 'एस', म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक आहे की आजारी, ते कळायला इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. पट्टीवर रक्ताचा ठिपका ठेवून विजेचा प्रवाह सोडला की साधं 'ए' हिमोग्लोबिन पुढे पळतं आणि 'एस' मागे रेंगाळतं. दोन्ही पट्टे दिसले तर एएस, म्हणजे वाहक. 'ए'चा पट्टाच नाही, ठळक 'एस' तेवढा, तर बहुधा एसएस, म्हणजे आजारी.

'एस' मागे का राहतं, हे मी घरच्यांना सातबाऱ्यावरून सांगायची. पेशीतलं डीएनए म्हणजे तलाठ्याकडचं मूळ दप्तर. ते जागचं हलत नाही, त्याची नक्कल निघते. ती नक्कल म्हणजे आरएनए. रायबोसोम हा पेशीतला कारागीर ती तीन-तीन अक्षरं वाचतो आणि दर तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल ओवत जातो, माळेत मणी ओवावेत तसा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असे १४६ मणी. सिकलसेलमध्ये दप्तरातलं एकच अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बाकी १४५ मणी जसेच्या तसे. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो, म्हणून पट्टीवर धन टोकाकडे 'एस'ची चाल मंद. विजेच्या प्रवाहात दिसणारा हा फरक १९४९ मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवला. नेमका मणी कोणता, ते पुढे काही वर्षांत व्हर्नन इनग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये शोधलं.

नुसत्या एका मण्यानं एवढा त्रास? हो. प्राणवायू सोडून दिल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या रेणूला चिकटतं, रेणूंच्या लांब दोऱ्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. लहान लेकरांचे हातपाय सुजतात, मोठी माणसं हाडांच्या दुखण्यानं लोळतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १०-२० दिवसांत फुटते.

"रक्त चढवलं तर बरं होईल ना जी?" हे मला शेकडो वेळा विचारलं गेलं. चढवलेलं रक्त काही आठवडे आधार देतं. दप्तर मात्र अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत असतं आणि तिथून तीच नक्कल निघत राहते.

आता आपल्या लेखाचा मुद्दा. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. वाहकाकडे एक प्रत चांगली असते, म्हणून तो एरवी ठणठणीत असतो. वाहक मुलीनं वाहकही नाही आणि आजारीही नाही अशा मुलाशी लग्न केलं तर त्यांच्या पोटी एसएस मूल जन्मत नाही. पोरं फार तर वाहक होतील. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मुलाची शक्यता २५ टक्के. प्रत्येक वेळी, बरं का. पहिलं आजारी निघालं, आता पुढची तिघं सुटली, असं त्यात नसतं. हा हिशोब मांडायला दोघांचे रिपोर्ट लागतात. आपल्या लेखात फक्त मुलीचा आहे.

माझ्या भाचीचं गेल्या मार्गशीर्षात जमलं होतं. तिनं स्वतःहून आपला एएसचा रिपोर्ट पुढे ठेवला. मी मुलाच्या वडिलांना म्हटलं, "मुलाचंही तपासून घेऊ, मी स्वतः येते." ते म्हणाले, "आमच्या पोराला काय धाड भरली?" आठ दिवसांत निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका साखरपुड्याच्या आधीच पाहून झाली होती.

सरकारनं २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणी झालेल्या मुलीला लग्नाच्या बाजारात हे ऐकावं लागणार असेल, तर उद्या बोट कोण पुढे करेल?

'वाहक मुलगी' असं जिथे छापलंय तिथे 'वधू आणि वर दोघांनीही तपासणी करावी' असा खुलासा पुढच्या रविवारी, त्याच पानावर द्यावा, ही विनंती. 'दूषित' हा शब्दही मागे घ्यावा.

ताजा कलम : त्या मुलाचं लग्न वैशाखात आहे. मुलगी आमच्याच तालुक्यातली. तपासणी अजून दोघांचीही झालेली नाही.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. चंद्रपूर