पदकं मोजण्याआधी बर्फाचे दिवस मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात एका वाचकाचं पत्र वाचलं. म्हणणं असं, की १४० कोटींच्या देशाला हिवाळी खेळांत एक धड पदक मिळत नाही, आणि मिळालं तेही काय, तर बायकांच्या आइस हॉकीत आशिया चषकाचं ब्राँझ. सरकारने हा खर्च बंद करावा. पत्र वाचलं, चहा पिऊन परत वाचलं आणि मग हे लिहायला बसलो.

ज्या ब्राँझची त्यांनी टिंगल केली, ते २०२५च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे मिळालं. भारतीय महिला आइस हॉकी संघाचं आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं हे पहिलंच पदक. आपल्या वर्तमानपत्रात त्याची बातमी आली होती, नाही असं नाही. खेळाच्या पानावर तळाला, आयपीएलच्या दोन कॉलमांच्या फोटोखाली, मोजून पाच ओळी. जूनमध्ये अल ऐनला बाहेर चाळीस-पंचेचाळीस डिग्री ऊन असतं. आपल्या पोरी हिमालयातून उठून बर्फावरचं पदक आणायला वाळवंटात गेल्या. यातली गंमत तुमच्या उपसंपादकाला दिसली नाही, तिथे त्या वाचकाला कुठून दिसणार.

संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, काही हिमाचलातल्या लाहौल-स्पीतीच्या. आता मी सातारा जिल्ह्यातला माणूस या भानगडीत कुठून आलो, तर त्याला कारण आहे. ई.एम.ई.मध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात असताना, १९८७ ते १९८९ अशी माझी पोस्टिंग लेहला होती. माझा हुद्दा बाजूला ठेवा, काम म्हणजे वेल्डर-फिटरचं. जानेवारीत गाड्या सुरू करायच्या म्हणजे आधी इंजिनाखाली विस्तव धरायचा, असे ते दिवस. संध्याकाळी बुखारीभोवती, म्हणजे खोलीतल्या शेगडीभोवती बसून हात शेकायचे आणि पत्रांची वाट बघायची. अशातच एका लडाखी हवालदाराने फाटक्या लष्करी डी.एम.एस. बुटांचा जोड माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, उस्ताद, याला बर्फावर घसरायची पाती बसवून दे.

पाती कशाची, तर शक्तिमान ट्रकच्या तुटक्या पाट्याची. पाट्याचं पोलाद चिवट, धार छान धरतं, पण वेल्डिंगला नाठाळ. पहिला जोड मी हौसेने वेल्ड करून दिला. दुसऱ्या दिवशी उणे वीसमध्ये टाका तडकला आणि गडी तोंडावर आपटला. मग सरळ एक तळपट्टी केली, पाती तिला रिव्हेट मारून बसवली आणि पट्टी बुटाच्या तळव्याला बोल्टने आवळली. धार लावण्यातही मी आधी चुकलो. सुरीसारखी टोकदार धार काढली, तर ती बर्फात रुतायची. स्केटच्या पात्याला मधोमध बारीक खाच हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन कडा उभ्या राहतात आणि वळताना त्यातली एक बर्फाला धरते. हे मला त्या हवालदाराने बोटाने पात्यावर रेघ ओढून समजावलं. त्या हिवाळ्यात मी अकरा जोड केले. गोलकीपरला क्रिकेटचे पॅड होते. पक, म्हणजे या खेळात चेंडूऐवजी असते ती चकती, आमच्याकडे बुटाच्या टाचेचं रबर, कानशीने गोल घासलेलं.

मैदान करणं हे तर त्याहून किचकट. रात्री पाणी शिंपडायचं, तेही एकदम ओतायचं नाही. पातळ थर, तो गोठला की त्यावर दुसरा. जाड ओतलं तर वरून गोठतं आणि खाली पोकळ राहतं, मग पाय पडला की काच फुटल्यासारखा आवाज. सकाळी खराट्याने वाळू झाडायची, कारण लेहचं वारं सतत वाळू आणून टाकतं आणि वाळूवरून एकदा पातं गेलं की धार संपली. अकराच्या सुमाराला ऊन चढलं की वरचा थर पाणचट व्हायचा आणि खेळ बंद. म्हणजे रात्रभर राबायचं, तेव्हा सकाळी अडीच-तीन तास खेळ. असे दिवस वर्षाला किती? डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, तेही थंडी वेळेवर आली तर.

माझं सगळं म्हणणं या हिशोबात आहे. त्या वाचकाने १४० कोटींना एका ब्राँझने भागलं. अहो, भागायचं ते बर्फाच्या दिवसांना भागा. कॅनडाच्या मुलीला वर्षाचे बाराही महिने छपराखाली बर्फ मिळतो. आपल्या मुलीला मिळतात दीड-दोन महिने, तेही साडेतीन हजार मीटर उंचीवर, जिथे जिना चढताना माणसाला धाप लागते. उरलेले दहा महिने ती चाकांच्या स्केटवर रस्त्यावर सराव करते.

हा हिशोब खोटा वाटत असेल तर त्याच अल ऐनच्या स्पर्धेत पहिलं कोण आलं ते बघा. फिलिपिन्स! जिथे बर्फ फक्त सरबतात पडतो, तो देश. तिथे मनिलाच्या मॉलमध्ये १९९०च्या दशकापासून बर्फाचे रिंक चालू आहेत, बाराही महिने. अशाच मॉलच्या रिंकवर शिकलेला मायकल मार्टिनेझ २०१४ साली सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगला उतरला होता. डोंगर नाही, हिमवर्षाव नाही, पण बर्फ गोठवणारा कॉम्प्रेसर चालू. आणि गंमत अशी, की आपल्या मुलींनी आंतरराष्ट्रीय सामना पहिल्यांदा जिंकला तो याच फिलिपिन्सविरुद्ध, २०१७ साली बँकॉकला, ४-३ असा. त्या दिवशी राष्ट्रगीत लागल्यावर पोरी रडल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी तैवानला पहिल्यांदा गेल्या तेव्हा सगळे सामने मोठ्या फरकाने हरून आल्या होत्या. त्या काळात परदेशवारीसाठी लोकवर्गणी काढावी लागली होती. ‘सरकारी खर्च’ म्हणून ज्याला नावं ठेवली, त्याचं हे स्वरूप.

पुरुषांची गोष्ट वेगळी नाही. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचं सभासदत्व भारताला मिळालं १९८९ साली, म्हणजे मी लेहला रिव्हेट मारत होतो तेव्हाच. पहिली स्पर्धा खेळायला २००९ साल उजाडावं लागलं, अबू धाबीला. वीस वर्षं नुसतं सभासद!

त्यानंतर एक मोठं काम झालं होतं, आणि तेच आपण हातचं घालवलं. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी देहरादूनला छपराखालचा, पूर्ण मापाचा रिंक बांधला. कोट्यवधी रुपये त्यावर घातले. स्पर्धा झाली, पाहुणे गेले, आणि पुढची दहा-बारा वर्षं तो रिंक बंद पडून राहिला. वीजबिल परवडेना. मी मेकॅनिक माणूस, मला हे वाचून जास्त वाईट वाटतं. बर्फाचं यंत्र बंद ठेवलं की ते जसंच्या तसं राहत नाही. पाइप गंजतात, गॅस गळतो, सील सुकतात. गाय विकत आणायची आणि वैरणीला पैसे नाहीत म्हणून दावणीला उपाशी बांधायची, तसला प्रकार. त्या दहा-बारा वर्षांत लडाखच्या पोरींची एक अख्खी पिढी वाळूत चाकं फिरवत मोठी झाली. आता २०२५मध्ये तो रिंक दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाला, त्याच ऑगस्टमध्ये तिथे आशियाई पातळीवरची शॉर्ट ट्रॅक स्केटिंग स्पर्धाही झाली. आनंद आहे. पण वीजबिल तेव्हाही येत होतं, आताही येणार.

नैसर्गिक बर्फाच्या भरवशावर तर आता बसूच नये. २०२५मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता. बर्फच पुरेसा पडला नाही, मग तो मार्चवर ढकलला. गुलमर्गची ही गत, तर बाकीच्यांचं काय.

कुणी म्हणेल, हे लडाखवाल्यांचं दुखणं, आपल्याला काय. तर याच खेलो इंडियाच्या लेहमधल्या आइस स्केटिंगमध्ये महाराष्ट्राची पोरं दरवर्षी पदकं घेऊन येतात. चाकांवर शिकलेली पोरं ही. माझी नातही पुण्यात चाकांच्या स्केटिंगला जाते. मागच्या दिवाळीत तिला बर्फावर पाय ठेवायचा म्हणून एका मॉलमध्ये घेऊन गेलो. अर्ध्या तासाचे पैसे, रंगीत दिवे, कर्कश गाणी आणि बर्फाचा तुकडा आमच्या खळ्याएवढा. पोरीने दोन ढांगा टाकल्या की समोर भिंत. भाड्याच्या बुटांची पाती मी उलटी करून बघितली. कडा पार गोल झालेल्या. तिथल्या मुलाला म्हटलं, बाळा, ही धार कधी लावली होती? तो म्हणाला, काका, धार लावली तर लोकांना लागेल ना. यावर काय बोलणार.

स्कीइंग करणाऱ्या आरिफ खानबद्दलही त्या पत्रात एक टोमणा होता, म्हणून लिहितो. २०२२ला बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तो आपला एकटा खेळाडू होता, जायंट स्लालममध्ये, म्हणजे उतारावरून वळणं घेत खाली यायच्या स्कीइंगच्या शर्यतीत ४५वा आला. त्या दिवशी इतकं बर्फ कोसळत होतं, की उतरायला निघालेल्यांतले जवळजवळ निम्मे शेवटपर्यंत पोहोचलेच नाहीत. गुलमर्गचा हा गडी पोहोचला. ज्याला ४५वा म्हणजे हसण्यासारखं वाटतं, त्याने एकदा अजिंक्यताऱ्यावरून पावसाळ्यात मोटारसायकल न घसरता उतरवून दाखवावी. मग बोलू.

अल ऐनचं ब्राँझ म्हणजे जग जिंकलं असं मी म्हणत नाही. आशिया चषकात जपान, चीन, कोरिया यांचे पहिल्या फळीतले संघ नसतात, हे मलाही कळतं. महिला आइस हॉकी १९९८पासून ऑलिम्पिकमध्ये आहे आणि आपण तिथून अजून फार लांब आहोत. २०२६च्या फेब्रुवारीतल्या इटलीच्या ऑलिम्पिकमध्ये या मुली नाहीत. तेव्हा पुन्हा १४० कोटींची पत्रं येतील आणि तुम्ही ती छापाल.

म्हणून एक विनंती. त्याआधी तुमच्या दिल्लीच्या बातमीदाराला देहरादूनला एक फोन करायला सांगा. पदकांचं वगैरे काही विचारू नका. यंदा कॉम्प्रेसर किती दिवस चालू राहिला, बिल कोणी भरलं, आणि लडाखच्या मुलींना त्यातले किती तास मिळाले, एवढंच विचारा. उत्तर आलं की पहिल्या पानावर नको, त्या पाच ओळींच्या जागीच छापा. मी कात्रण काढून ठेवीन.

आपला,
एक निवृत्त ई.एम.ई. सुभेदार
ता. कोरेगाव, जि. सातारा