हंसाच्या मानेकडे पाहावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या यावल-रावेर भागात काही केळीच्या मळ्यांवर राखणीला हंस पाळलेले दिसतात. गेल्या पंधरवड्यात अशाच एका नराने शाळकरी मुलाच्या पोटरीला चावा घेतला, तेव्हा तो ‘पिसाळला’ असे ठरवून त्याला काठीने झोडपण्यात आले. पिसाळणे हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे, पक्ष्यांचा नव्हे. शिवाय पाचटाआड त्याची मादी अंड्यांवर बसलेली होती, याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. माझ्याकडे नऊ वर्षांपासून तीन हंस आहेत, म्हणून हे पत्र.

हंसाचे मन त्याच्या मानेवरून कळते. मान जमिनीलगत आणून थेट आपल्या दिशेने रोखली आणि तो फिसकारू लागला, तर ती धमकी समजावी. मात्र तशीच लांबवलेली मान आपल्या बाजूने तिरपी नेऊन तो कलकलाट करू लागला, तर ते स्वागत असते. पाहुण्यांना हा फरक सहसा कळत नाही आणि बिचारा स्वागताला आलेला हंस लाथ खाऊन परततो. मान ताठ उभी करून तो स्तब्ध झाला, तर त्याला काही तरी दिसले आहे. आमच्याकडे ते बहुधा मुंगूस निघते. एप्रिल-मे महिन्यांत चोच उघडी ठेवून धापा टाकणारा हंस मात्र चिडलेला नसून उन्हाने कासावीस झालेला असतो. त्याला सावली आणि डोके बुडेल इतके खोल पाणी द्यावे.

मादी साधारण २८ ते ३० दिवस अंडी उबवते आणि तेवढे दिवस नर घरट्यापाशी कोणालाही फिरकू देत नाही, हा त्याचा स्वभावधर्म आहे. तो अंगावर आलाच तर पाठ दाखवून पळू नये, कारण पळणाऱ्याचा तो पाठलाग करतो. त्याच्याकडे तोंड करून, हात पसरून उभे राहावे आणि मग सावकाश मागे सरावे. मारल्याने तो अधिकच बिथरतो. धरावेच लागले, तर पंख अंगाशी दाबून काखेत घ्यावा. मान किंवा पंख धरून कधीही उचलू नये.

एकच पिल्लू आणून लाडाने मांडीवर वाढवण्याची चूकही आपण करतो. अंड्यातून बाहेर आल्यावर जो हलता जीव प्रथम दिसतो त्यालाच हंसाचे पिल्लू आई मानते, हे ज्यांनी सविस्तर अभ्यासले त्या कॉनराड लॉरेंझ यांना प्राण्यांच्या वर्तनावरील कार्यासाठी १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. असे एकटे वाढलेले पिल्लू नर निघाले, तर मोठेपणी ते माणसालाच आपला प्रतिस्पर्धी समजू लागते. वर उल्लेखलेला नरही एकटाच वाढला. मादी त्याच्यासाठी पुढे आणली गेली.

मालक त्याला आठवडी बाजारात विकणार होते. पिल्ले निघेपर्यंत थांबावे, अशी विनंती मी त्यांना केली आहे आणि तोवर मुलांची शाळेची वाट बांधापलीकडून वळवली आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. यावल, जि. जळगाव