गोचिडाला प्रतिकारशक्ती नसते, हे चूक आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव कुत्र्यांच्या अंगावरील गोचिडांविषयीचा लेख वाचला. पावसाळ्यात घ्यायची काळजी, तापाची लक्षणे, हे सगळे नीट सांगितले होते. पण मधल्या चौकटीत एक वाक्य होते: 'गोचीड हा आदिम जीव असल्याने त्याला प्रतिकारशक्ती नसते, म्हणून तो रोगजंतू सहज वाहून नेतो.' मी २८ वर्षे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवले. हेच वाक्य दरवर्षी उत्तरपत्रिकांत वाचले आणि दरवर्षी त्याखाली लाल रेघ ओढली. वर्तमानपत्रात छापून आले की मुले ते खरे धरतात, म्हणून हे पत्र.

गोचिडाकडे प्रतिपिंडे (अँटिबॉडी) नसतात, एवढेच खरे. ती पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांकडेच असतात. बाकीचे सगळे, म्हणजे कीटक, कोळी, गोगलगाई, खेकडे, प्रवाळ, जन्मजात प्रतिकारशक्तीवर जगतात, आणि प्राण्यांच्या ज्ञात जातींत बहुसंख्य त्यांचीच आहे. 'आदिम' हा शब्दही मला पटत नाही. उत्क्रांतीने गोचिडाला आणि माणसाला सारखाच वेळ दिला आहे.

परवा तळजाईवरून फिरून आल्यावर आमच्या कुत्रीच्या कानामागे हाताला गाठ लागली. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढले. फुगलेली मादी निघाली, राखाडी, गुळगुळीत, हुबेहूब एरंडाची बी. (लॅटिनमध्ये गोचिडाला 'रिसिनस' म्हणतात. एरंडाचे शास्त्रीय नाव त्यावरूनच आले.) अशी मादी कातडीत तोंड रुतवून कित्येक दिवस बसते आणि तिचे वजन उपाशीपोटी असते त्याच्या शंभरपटीहून जास्त होते. तेवढे दिवस जनावराच्या त्वचेवरचे जिवाणू तिच्या तोंडाशीच असतात. बचावाची काहीच सोय नसती तर पहिल्याच जेवणात ती मेली असती.

ही सोय तिच्याकडे आली कुठून, ते ऐकण्यासारखे आहे. जिवाणूंची आपापसात सतत मारामारी चालते. काही जिवाणू शेजाऱ्याच्या शरीरात विष टोचतात आणि ते विष त्याची पेशीभित्तिका कातरून टाकते. या विषाचे जनुक सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी जिवाणूंकडून गोचीड आणि माइट (गोचिडाचे बारीक भाऊबंद) यांच्या समाईक पूर्वजाकडे आले आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकले. अशी उसनवारी सजीवांत कमीत कमी सहा वेळा झाल्याचे २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. त्यांनी या जनुकांना नाव दिले तेही 'माणसाळवलेली' अशा अर्थाचे. अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या गोचिडात यातले एक प्रथिन, 'डीएई-२', लाळेत आणि आतड्यात सापडते.

२०२० साली त्याचे काम आणखी उलगडले. मूळ जिवाणूंचे विष प्रतिस्पर्ध्याच्या आत टोचावे लागते. गोचिडाचे प्रथिन मात्र आपल्या त्वचेवर राहणाऱ्या स्टॅफिलोकोकससारख्या जिवाणूंना बाहेरूनच मारते. म्हणजे हत्यार उसने, पण त्याला धार नवी आणि शत्रूही नवा. प्रयोगात हे प्रथिन निकामी केले तेव्हा गोचिडात ते जिवाणू वाढले आणि त्याला धड रक्तही पिता येईना. आपल्या कातडीवर निरुपद्रवी असलेला जिवाणू गोचिडासाठी रोगजंतू ठरतो! उलट गोचिडांमुळे माणसात पसरणाऱ्या लाइम रोगाच्या जिवाणूला हे प्रथिन थेट मारू शकत नाही. त्याच्याशी गोचिडाचे जमते. मला वर्गात शिकवायला मिळाली असती तर ही गोष्ट मी दोन तास शिकवली असती.

फळमाशीत जिवाणूंची चाहूल लागल्यावर बचावाची जी साखळी जागी होते, तिच्यातल्या कड्या गोचिडाच्या जनुकसंचात शोधल्या तेव्हा काही मिळाल्याच नाहीत. त्यावरून यंत्रणा अर्धवट आहे असे म्हणणे सोपे होते. २०१७ मध्ये कळले की ती चालते, फक्त जागी होते वेगळ्या खुणांनी. गुरांवरच्या गोचिडाच्या आतड्यात तर गाईच्या हिमोग्लोबिनचाच एक तुकडा जिवाणूनाशक म्हणून वावरतो. प्यायलेले रक्तच राखण करते.

आपली प्रतिकारशक्तीही या घराण्याशी नाते सांगते. १९९६ साली फ्रान्समधले शास्त्रज्ञ जूल हॉफमन यांच्या गटाने दाखवले की 'टोल' जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीने मरतात. पुढे तशीच प्रथिने माणसात सापडली आणि २०११ चे नोबेल हॉफमन यांनाही मिळाले. आपल्या रक्तातल्या 'सी-३' या रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनाचे भाऊबंद गोचिडात आहेत, प्रवाळातही आहेत. हॉर्सशू क्रॅब नाव असलेला, पण खेकड्यापेक्षा कोळी-गोचिडांच्या जवळचा समुद्री प्राणी घ्या. जिवाणूंच्या विषाचा अंश लागला की त्याचे निळे रक्त गोठते. टोचायची औषधे आणि सलाइन शुद्ध आहे का, हे कित्येक वर्षे या रक्ताच्या अर्काने तपासले गेले. ज्यांना प्रतिकारशक्तीच नाही असे आपण छापतो, त्यांच्या प्रतिकारशक्तीच्या भरवशावर आपल्याला सलाइन लागते.

पुण्याच्या वर्तमानपत्राने या विषयात निष्काळजी राहू नये, असे मला कळकळीने वाटते. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा गोचिडांतून पसरणारा तो विषाणू ओळखला तो पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने. तोच माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्गकडच्या गावांत माणसे आजारी पाडतो आहे. विषाणू गोचिडात डब्यात ठेवल्यासारखा पडून राहत नाही. आतड्यातून लाळग्रंथीपर्यंत पोहोचताना वाटेत त्याची गाठ गोचिडाच्या बचावाशी पडते. 'प्रतिकारशक्ती नसते' म्हटले की हा सगळा अभ्यास एका फटक्यात पुसला जातो. कृपया त्याच पुरवणीत, त्याच जागी दुरुस्ती छापावी. आणि शहरातल्या एखाद्या संशोधकाकडून या विषयावर मराठीत लेख लिहून घ्यावा.

जाता जाता आणखी एक. त्याच चौकटीत गोचिडावर रॉकेल ओतून तो काढावा असे सुचवले आहे. तसे करू नये. डिवचलेला गोचीड लाळ आणि पोटातला द्रव जखमेत सोडू शकतो. चिमट्याने कातडीलगत धरावा, न पिळता सरळ वर ओढावा आणि जागा साबणाने धुवावी.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
सहकारनगर, पुणे