शेजारच्या शूटिंग फ्लोअरवरच्या काकांना

गेल्या मंगळवारी गोरेगावच्या एका स्टुडिओत आमच्या गप्पांच्या कार्यक्रमाचं पहिलंच शूटिंग होतं. तीन कॅमेरे, चार पाहुणे, एकच शिफ्ट. आणि आमचा फ्लोअर मॅनेजर पावसामुळे लोकलमध्ये अडकलेला. रनिंग ऑर्डरची, म्हणजे कुठला भाग कधी आणि किती वेळ या यादीची, एकुलती एक प्रत त्याच्याच बॅगेत (हा गाढवपणा माझा).

दिग्दर्शक वर पीसीआरमध्ये (कंट्रोल रूममध्ये) बसतो, त्याला फ्लोअरवरचं मॉनिटरवर दिसतं तेवढंच. त्याचं म्हणणं टॉकबॅकवर, म्हणजे हेडफोनमधून, ऐकून खाली सगळ्यांना हलवणारा माणूसच नसेल तर काय होणार!

तुम्ही चहा घ्यायला बाहेर आला होतात. "काय झालं गं?" एवढंच विचारलंत, ऐकून घेतलंत आणि हेडफोन कानाला लावलात. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करने प्रत्येक भागाची वेळ मला विचारून लिहिलीत. आमच्या पाहुण्या आजी कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की गप्पच व्हायच्या. तुम्ही त्यांच्यासमोर उकिडवे बसून म्हणालात, "आजी, दिव्याकडे नका बघू. या ताईंना तुमच्या घरचं सांगा." मग पाच, चार मोठ्याने, तीन, दोन, एक फक्त बोटांनी. आजी जे बोलायला लागल्या, ते कट म्हटल्यावरही थांबेनात.

आमचा माणूस पोचला तसे तुम्ही पुठ्ठा त्याच्या हाती देऊन निघून गेलात. नाव विचारायचंही राहिलं.

काका, मनापासून आभार. तुमची छत्री आमच्या मेकअप रूममध्ये आहे. घ्यायला या, चहा माझ्याकडून.