मार खाऊन घडलो म्हणणाऱ्यांनी बीपीही मोजून घ्यावं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात परवा एका वाचकांचं पत्र आलं होतं की हल्लीची पोरं फार नाजूक झालीत, आम्ही बापाचा आणि मास्तरांचा मार खाल्ला, आमचं काय बिघडलं? मी शाळेतून रिटायर झालेली बाई, हे वाक्य स्टाफरूममध्ये, पालकसभेत आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. पण बिघडलं नाही हे तपासलं कोणी?

अमेरिकेत तपासलंय. सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करायचं क्लिनिक चालवायचे, १९८५च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचं वजन चांगलं उतरतंय तेच पेशंट मधेच सोडून जातायत, आणि खोदून विचारल्यावर कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले. मग त्यांनी डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत १९९५ ते ९७ मध्ये सतरा हजारांवर मोठ्या माणसांना लहानपणाबद्दल विचारलं: मारहाण, सतत अपमान, अत्याचार, हेळसांड, घरात दारू, आईला होणारी मारझोड, घरात कोणाला मानसिक आजार किंवा कोणी आत्महत्येचा प्रयत्न केलेला, कोणी जेलमध्ये, आईवडील वेगळे झालेले. ही माणसं झोपडपट्टीतली नव्हती हां, बहुतेक गोरी, शिकलेली, विमा असलेली. तरी तिघांतल्या दोघांनी एक तरी गोष्ट सांगितली आणि आठातल्या एकाने चार किंवा जास्त.

१९९८ साली त्यांनी जे छापलं त्यात चार किंवा जास्त गोष्टी भोगलेल्यांमध्ये हृदयविकार, काहीच न भोगलेल्यांच्या दुप्पट, फुप्फुसांचा जुनाट आजार जवळपास चौपट आणि आत्महत्येचा प्रयत्न बारापट होता. यावर लोक म्हणतील की मग ते दारू सिगारेट जास्त पीत असतील. पीत होतेच, पण व्यसनं हिशोबातून बाजूला काढली तरी हृदयाचा धोका पूर्ण जात नाही असं पुढे दिसलं. रोज संध्याकाळी बाप कसा येतोय याची धास्ती घेऊन बसलेल्या पोराच्या अंगात कॉर्टिसॉलसारखी ताणाची हार्मोन्स सारखी वाहत राहतात आणि त्याचा परिणाम झोप, प्रतिकारशक्ती, रक्तवाहिन्या सगळ्यावर होतो. त्याला स्वतःला एक चापटही बसलेली नसली तरी!

आपल्याकडे? महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं तेव्हा तीनातल्या दोघांनी मारहाण सांगितली आणि ५३ टक्क्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ. त्यानंतर २०१२ला मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा आला, शाळेतली छडी तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंद झाली (कागदावर तरी). त्या अमेरिकन यादीत ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे राहिलेली पोरं नाहीत, जातीवरून वर्गात होणारा अपमान नाही. बापाने कर्जापायी विषारी औषध घेतलेलं मात्र त्यात बसतं, आणि विदर्भ मराठवाड्यात अशी घरं किती हे मी सांगायला नको.

एक मात्र आहे, यातल्या किती गोष्टी भोगल्या हे मोजून निघणारा आकडा, म्हणजे स्कोअर, काढून पोराच्या कपाळावर चिकटवायचा नसतो. स्वतः अँडांनीच २०२० मध्ये लिहिलं की एकेका माणसाचं भविष्य सांगायला तो वापरू नका, हजारो लोकांचा कल त्यातून कळतो. चार गोष्टी भोगूनही ठणठणीत असलेली माणसं आहेतच, त्यांच्यामागे बहुतेक वेळा एखादी आजी, मामा, बाई कोणीतरी धरून राहिलेलं असतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत येते, वजन उंची दात डोळे बघते, चांगलं काम आहे. पण सारखं पोट दुखतं म्हणून घरी पाठवलेल्या मुलीला घरी काय चाललंय हे विचारायला तिथे कोणाला वेळ नसतो आणि विचारलं तरी पुढे पाठवायचं कुठे हे शाळेला माहीत नसतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर भिंतीवर असतो, तो संकटाच्या वेळी ठीक. रोजच्यासाठी तालुक्याचा समुपदेशक कोण, कुठल्या दिवशी कुठे बसतो, हे आरोग्य खात्याने निदान प्रत्येक मुख्याध्यापकाला नंबरासकट लेखी द्यावं, आणि ती जागा रिकामी असेल तर तेही लेखीच द्यावं.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा