फवारणीचं विष ओळखणारी पट्टी आमच्या पोरांनीच का बनवू नये?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवते. बीएस्सी फायनलच्या एका पोरीनं परवा विचारलं, मॅडम पीएचडीला किती लाख भरा लागते? मी म्हटलं अगं थोडी फी असते पण एमएस्सी करून सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे केंद्राची संशोधनासाठीची फेलोशिप काढली तर उलट तुलाच महिन्याला 37 हजार मिळतात, वर घरभाडं, दोन वर्षांनी 42 हजार. घरी सांगितलं तर तिचे बाबा म्हणाले, कोणीतरी फसवून राहिलं तुला.

विषय निघाला होता बायोसेन्सरवरून, म्हणजे एन्झाइमसारख्या जैविक पदार्थाच्या मदतीनं एखादी गोष्ट ओळखणारं, मोजणारं साधन. शुगर तपासायची पट्टी घरोघरी आहे, तिच्यावर एन्झाइम (शरीरातल्या क्रिया घडवणारं प्रथिन) असतं, रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया झाली की करंट येतो आणि मशीनवर आकडा दिसतो. ही कल्पना 1962 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी मांडली. आता आपल्याकडचं बघा, 2017 चा हंगाम आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलं नाही, पऱ्हाटी (कपाशी) डोक्याच्या वर गेलेली, फवारा मारता मारता माणसं पडली, कितीतरी घरं बसली. आमच्या शेजारच्या काकांना दवाखान्यात नेलं तर फवारणीचं नेमकं कोणतं औषध बाधलं हेच कळेना, सगळी रात्र तशीच काढली. ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारची कीटकनाशकं आपल्या नसांमधलं कोलिनएस्टरेज एन्झाइम बंद पाडतात, म्हणून लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्याची बाहुली बारीक होते. आणि गंमत नाही, खरं आहे, तेच एन्झाइम इलेक्ट्रोडवर (करंट मोजायच्या टोकावर) बसवलं की करंट किती घटला त्यावरून पाण्यात, भाजीत हे विष आहे का ते समजतं!

लॅबमध्ये हे जमतं. पण एन्झाइम नाजूक, आमच्या वावरात मे महिन्यात 45 डिग्री, तिथं ती पट्टी टिकवायची कशी, शंभरेक रुपयात द्यायची कशी, हे काम बाकी आहे आणि ते ज्यानं फवारा पाठीवर घेतलाय त्याच्या पोरापेक्षा जास्त मनावर कोण घेणार? याला नुसती केमिस्ट्री पुरत नाही, फिजिक्सवाला लागतो, इलेक्ट्रॉनिक्सवाला लागतो, मायक्रोबायोलॉजीवाली लागते. गडचिरोलीकडं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी गावातच व्हावी म्हणूनही हीच विद्या कामाची.

नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज तर नागपुरातच आहेत, पीएचडी तिथंही करता येते, गेट ही प्रवेश परीक्षा आहे, डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) वेगळी जेआरएफ परीक्षा आहे. पण आपल्या पेपरात करिअरच्या पानावर नीट, एमपीएससी अन् पोलीस भरती, त्यापुढं काहीच नाही. ते पाहिजेच, माझेच विद्यार्थी भरतीत लागलेत. तरी वर्षातून दोनदा या फेलोशिपच्या फॉर्मच्या तारखा, पात्रता आणि रक्कम मराठीत छापा, आणि नागपूरच्या संशोधकांनी एखादा दिवस तालुक्याच्या कॉलेजात यावं असं आवाहनही करा, हॉल आम्ही झाडून ठेवू.

त्या पोरीच्या बाबांना माझं पटलं नाही. पेपरात छापून आलं तर कात्रण घेऊन मी त्यांच्या घरी जाणार आहे.

आपली,
एक वाचक शिक्षिका, जि. यवतमाळ