दगड फोडून काय मिळणार?

मा. संपादक,

बारावीच्या निकालानंतर घराघरात इंजिनिअरिंग की फार्मसी एवढीच चर्चा असते, म्हणून लिहितेय. मी बडोद्यात जिऑलॉजी, म्हणजे भूगर्भशास्त्र, घेऊन बी.एस्सी. करतेय आणि दांडिया बाजारातल्या आमच्या प्रत्येक नातेवाईकाने एकदा तरी विचारलंय की अगं, दगड फोडून काय मिळणार?

आता सांगते काय मिळतं. पावागडावर सगळे दर्शनाला जातात, पण दख्खनच्या पठारावर जिकडेतिकडे काळा बेसाल्ट असताना याच्या माथ्याकडे रायोलाइट हा फिकट दगड आहे हे कितीजणांना माहितीये? तोच दगड 0.03 मिमी इतका पातळ घासून पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली धरला की वर्गात सगळे एकदम गप्प, आणि बेसाल्टची स्लाइड लावली की त्यातल्या प्लॅजिओक्लेज या खनिजावर काळेपांढरे पट्टे झेब्रासारखे दिसतात आणि स्टेज फिरवली की पट्टे उलटे होतात! बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोरची अंडी, कच्छमध्ये ज्युरासिक काळातले अमोनाइट म्हणजे शंखासारखे समुद्री जीवाश्म, सगळं आपल्याच राज्यात.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या बी.एस्सी.वर भागत नाही हे खरंय, जिओलॉजिकल सर्व्हेसाठी यूपीएससीची परीक्षा असते आणि त्याला मास्टर्स लागतं. पण भूजल, तेल, खाणी, धरणं, कुठे लागत नाही जिऑलॉजिस्ट?

माझी तक्रार पालकांबद्दल आहे. मुलींना फील्डला पाठवायला घरचे तयार नसतात, हॅमर आणि उतार मोजायचा क्लिनोमीटर हातात न घेता नुसतं पुस्तकातून डिप-स्ट्राइक, म्हणजे दगडाच्या थरांचा उतार आणि दिशा, कसं शिकणार, तुम्हीच सांगा. कॉलेजच्या टूरवर मॅडम सोबत असतातच की, पाठवा ना.

एक विद्यार्थिनी, बडोदा